ख्रिस्ती मराठीतील ‘तारण’ : पूर्वनियोजन आणि इच्छास्वातंत्र्य

मनुष्याचे तारण ईश्वराच्या पूर्वसंकल्पानेच ठरलेले असते, की त्यात मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेलाही काही वाटा असतो, हा ख्रिस्ती धर्मविचारातील अत्यंत जुना आणि अद्यापि न मिटलेला वाद होय. पाचव्या शतकात ऑगस्टीन व पेलेजियस यांच्या मतभेदातून तो उभा राहिला. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने त्याला तर्कशुद्ध आणि काहीसे निष्ठुर रूप दिले. १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आर्मिनियसच्या अनुयायांचे मत त्याज्य ठरवले, तरीही तो संपला नाही. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा चारशे वर्षांहून अधिक जुनी आहे. या वादाने मात्र तीत स्वतंत्र ग्रंथाचे रूप क्वचितच घेतले. मराठी ख्रिस्ती लेखकांना हा प्रश्न पडलाच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे, परंतु तो घाईचा ठरेल. प्रश्न पडला होता. तो खंडनमंडनाच्या ग्रंथांत न लढला जाता शब्दांच्या निवडीत लढला गेला, आणि तेथे त्याचा जो निकाल लागला तो कोणत्याही धर्मपरिषदेच्या निर्णयाशी पूर्णपणे जुळत नाही.

या निकालाचा मागोवा घ्यावयाचा तर ‘तारण’ या शब्दापासूनच आरंभ करणे इष्ट. वसमतसारख्या ठिकाणी हा शब्द प्रथम ऐकू येतो तो प्रार्थनामंदिरात नव्हे, बाजारात. हळदीची मोठी पेठ म्हणून वसमतची ख्याती आहे. आणि कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या शेतमाल तारण कर्जाच्या योजनेत हळदीचाही समावेश होतो. भाव पडलेला असताना माल विकून टाकण्याऐवजी शेतकरी तो गोदामात ठेवतो, त्यावर कर्ज उचलतो आणि भाव चढल्यावर कर्ज फेडून माल सोडवून घेतो. तो ठेवलेला माल म्हणजे तारण. धनकोला जे बुडू देत नाही ते तारण, अशी या अर्थाची घडण दिसते. मराठी बायबलाने पापापासून होणाऱ्या सुटकेसाठी हाच शब्द रूढ केला. ख्रिस्ती वाचकाच्या मनात सवयीने हे दोन अर्थ वेगळे राहतात; पण जो वाचक प्रथमच ते पुस्तक उघडतो, त्याच्या दृष्टीने ते तितके वेगळे नसतात.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण मूळ ग्रंथातील रूपकेही बाजारातलीच आहेत. खंडणी, सोडवणूक, ऋण, मुद्रा हे सगळे पौलाच्या पत्रांतील शब्द व्यवहाराचे होत. पवित्र आत्मा हा भावी वतनाचा पुरावा म्हणून दिला गेला आहे, असे सांगताना पौलाने मुळात सेमिटिक असलेला आणि व्यापाराबरोबर ग्रीकमध्ये आलेला शब्द वापरला. त्यासाठी मराठी भाषांतरकारांनी ‘विसार’ हा शब्द योजला. भाषांतराच्या इतिहासात इतका नेमका शब्द क्वचितच सापडतो. बैलबाजारात विसार दिला की सौदा ठरला. उरलेली रक्कम येईपर्यंत बैल दुसऱ्याला विकता येत नाही. परंतु विसार देणाराच फिरला तर काय? विसार बुडतो आणि सौदा मोडतो. एकदा तारलेला मनुष्य पुन्हा पतित होऊ शकतो काय, हा कॅल्व्हिनचे अनुयायी आणि जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्यामधील वाद नेमका या ठिकाणी आहे. कॅल्व्हिनपंथीयांच्या मते विसार देणारा ईश्वर असल्याने सौदा मोडणे संभवत नाही. वेस्लीच्या मते ईश्वर फिरत नाही हे खरे, पण मनुष्य फिरू शकतो. मराठी शब्द दोन्ही पक्षांना जागा देतो, हा त्याचा दोष मानावयाचा की गुण, हे ज्याच्या त्याच्या पंथावर अवलंबून राहील.

तारणाच्या व्यवहारात मात्र मनुष्याचे स्थान अधिक बिकट आहे. गोदामातील हळदीच्या पोत्याला इच्छा नसते. ते कोणी ठेवले, कोणी सोडवले, यात त्याची संमती कोणी विचारत नाही. मनुष्य हा पापाच्या ताब्यात पडलेली वस्तू आणि ख्रिस्त हा मोल देऊन ती सोडवणारा धनी, हे रूपक शेवटपर्यंत ताणले तर इच्छास्वातंत्र्याला कोठेही वाव उरत नाही. परंतु ज्या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला, तो धातू वेगळेच सांगतो.

मराठीत ‘तरणे’ आणि ‘तारणे’ ही जोडी ‘मरणे–मारणे’, ‘पडणे–पाडणे’, ‘गळणे–गाळणे’ यांच्या पंक्तीत बसते. मूळ धातूतील ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला की अकर्मक क्रियापद सकर्मक होते आणि क्रियेचे कर्तृत्व दुसऱ्याकडे जाते. जो तरतो तो स्वतः हातपाय हालवतो, किंवा निदान पाण्यावर राहतो. ज्याला तारले जाते त्याला कोणीतरी ओढून काढतो. वैष्णव परंपरेत याच भेदाला माकडाच्या आणि मांजरीच्या पिलाची उपमा देतात. माकडाचे पिलू आईच्या पोटाला घट्ट धरते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला मानेशी धरून नेते. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत या उपमांवरून दोन शाखा ओळखल्या जातात. मराठीत हा भेद एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घात मावतो. ‘तारण’ हे नाम मात्र सकर्मक धातूपासून आलेले असल्यामुळे मनुष्याकडे कर्तृत्व येऊ देत नाही. म्हणूनच प्रवचनकारांना ‘तारण करून घ्या’, ‘तारण मिळवा’, ‘तारण स्वीकारा’ असे प्रयोग करून गमावलेले कर्तृत्व मागच्या दाराने आत आणावे लागते. यांतील ‘करून घेणे’ हा प्रयोग विशेष लक्षणीय आहे. क्रिया दुसऱ्याची, पण ती घडू देण्याची इच्छा स्वतःची, हा अर्थ त्याइतक्या सहजपणे लॅटिनमध्ये मांडता आला असता, तर कदाचित काही धर्मपरिषदा भरवाव्या लागल्या नसत्या.

‘नेमणे’ आणि ‘निवडणे’ ही दोन क्रियापदेही अशीच दुहेरी आहेत. रोमकरांस पत्रातील पूर्वनियोजनाच्या प्रसिद्ध स्थळी प्रचलित मराठी बायबल ‘आगाऊ’ नेमण्याची भाषा करते. ‘नियम’ या संस्कृत शब्दापासून आलेला ‘नेम’ हा मनुष्याने स्वेच्छेने धरलेला आचार होय. एकादशीचा नेम, वारीचा नेम. त्याच शब्दापासून झालेले ‘नेमणे’ हे क्रियापद मात्र अधिकाऱ्याचे असते. नेमला जाणारा हुकमाचा ताबेदार. ‘निवडणे’ याचा विस्तार त्याहून मनोरंजक आहे. ‘तांदूळ निवडले’ म्हटले म्हणजे जे ठेवावयाचे ते कर्म. ‘तांदळातले खडे निवडले’ म्हटले म्हणजे जे टाकावयाचे ते कर्म. क्रियापद एकच, सूपही एकच. ईश्वराने काहींना जीवनासाठी निवडले, एवढेच म्हणावे, की उरलेल्यांना नाशासाठी निवडले असेही म्हणावे, हा कॅल्व्हिनच्या दुहेरी पूर्वनियोजनावरील आक्षेपाचा गाभा आहे. ज्या भाषेत सूप हातात घेतलेली प्रत्येक गृहिणी दोन्ही कर्मे एकाच क्रियापदाने सांगते, तेथे निवडीची दुसरी बाजू लपवून ठेवणे अवघड आहे.

आता वाङ्मयाकडे वळावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स हे जेज्वीट होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्यांच्याच संघातील लुइस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये ईश्वरी कृपा आणि मानवी स्वातंत्र्य यांचा मेळ घालणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यावरून जेज्वीट व डोमिनिकन यांच्यात मोठा वाद पेटला. रोममध्ये १५९७ पासून चाललेली त्याची चर्चा पोप पाचवे पॉल यांनी १६०७ मध्ये कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता थांबवली. म्हणजे साष्टीत ओव्या रचल्या जात असताना त्या पंडितांना या विषयावर एकमेकांस पाखंडी म्हणण्याची मनाई झाली होती. तथापि ‘ख्रिस्तपुराणा’त इच्छास्वातंत्र्याचे पारडे जड वाटते, त्याचे श्रेय केवळ मोलिनाला देणे उचित नाही. पुराण या रचनाप्रकाराचाच तो धर्म आहे. पुराणात कथा असते, कथेत पात्र असते आणि पात्राने काहीतरी करावे लागते. अनादि संकल्पाची कथा होत नाही. आदामाने फळ खाल्ले याची होते. शिवाय श्रोते मध्येच शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतो, ही संवादाची चौकट स्वीकारली की श्रोत्याला पटवून घेण्याचा अधिकार गृहीत धरावाच लागतो. ज्याचे सर्व ठरलेले आहे त्याच्यापुढे इतक्या सहस्र ओव्या गाण्याचे प्रयोजन काय?

एकोणिसाव्या शतकात चित्र उलटे झाले, आणि येथेच खरा पेच आहे. श्रीरामपूरचे विल्यम केरी, ज्यांच्या देखरेखीखाली १८११ साली मराठी नवा करार निघाला, ते बाप्टिस्टांच्या कॅल्व्हिनमतानुयायी शाखेतले. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी त्याच वळणाचे. पुढे आलेले स्कॉटिश मिशनरी तर वेस्टमिन्स्टरच्या १६४७ च्या मतपत्राला बांधलेले, आणि त्या मतपत्रात पूर्वनियोजनाचा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत ग्रथित आहे. आधुनिक ख्रिस्ती मराठीची परिभाषा मुख्यतः ज्यांच्या हाताखाली घडली, त्यांचा अधिकृत सिद्धान्त असा होता. तरी मराठीत उतरलेल्या त्यांच्या उपदेशात तो जवळजवळ झाकलेला राहिला. त्याचे कारण समोरच्या समाजात शोधले पाहिजे.

हे कारण सर्वांत आधी आणि सर्वांत तीक्ष्णपणे ज्याने ओळखले तो ख्रिस्ती नव्हता. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठ गोरे (१८२५–१८९५) यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ लिहिला. जन्मापूर्वी जीवाचे काही कर्मच नसेल तर एक दरिद्री व एक श्रीमंत, एक धर्म जाणणारा व एक न जाणणारा असा भेद ईश्वराने का केला, असा त्यांचा आशय होता. वेदान्तात ईश्वरावर येऊ शकणारे वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोन दोष, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, जीवाच्या अनादि कर्माचा आधार घेऊन टाळले जातात. कर्माला आरंभच नसल्यामुळे पहिल्या अन्यायाचा प्रश्न उद्भवत नाही. ख्रिस्ती मतात आरंभ आहे. म्हणून पहिल्या निवडीची जबाबदारी ईश्वराच्या दारात जाऊन उभी राहते. हेच गोरे १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले आणि १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले. परंतु आपल्याच जुन्या आक्षेपाचा काटा त्यांच्या मनातून पुरता निघाला नाही. शाश्वत शिक्षेच्या कल्पनेने त्यांना पुढेही दीर्घकाळ अस्वस्थ ठेवले. वादात जिंकलेला पक्ष सोडून हरलेल्या पक्षात गेलेल्या, आणि तरी आपला मूळ युक्तिवाद विसरू न शकलेल्या या पंडिताकडे मराठी अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

पंडितांचे कर्म अनादि असले तरी लोकांचे नशीब पाचव्या रात्री लिहिले जाते. सटवाई येऊन बालकाच्या कपाळावर लिहून जाते; दुःख ‘पाचवीला पुजलेले’ असते. शास्त्रात संचित आणि प्रारब्ध यांच्या जोडीला क्रियमाण असते आणि तेथे पुरुषार्थाला जागा मिळते, परंतु ज्याला गावकुसाबाहेर ठेवले आहे त्याच्यापर्यंत हे तिसरे कर्म फारसे पोचत नाही. त्याला ऐकवले जाते ते प्रारब्धच. वसमतप्रमाणेच त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, तेथे प्रामुख्याने अशाच जातींतील कुटुंबे आली. शेषाद्री हे स्वतः ब्राह्मण कुळातील, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. म्हणजे वेस्टमिन्स्टर मतपत्राचेच वारस. कपाळावरील लेख पुसण्यासाठी आलेल्या मनुष्याला ‘जगाच्या स्थापनेपूर्वीच सर्व नेमलेले आहे’ असे सांगणे म्हणजे एक सटवाई काढून दुसरी आणणे, ही भीती अशा ठिकाणी कोणत्याही उपदेशकाला वाटणे स्वाभाविक होते.

ही भीती समजण्यासारखी असली तरी ती योग्य होती असे नाही. पौलाच्या विवेचनात याकोबाची निवड तो जन्मण्यापूर्वी, बरेवाईट काही करण्यापूर्वी होते. या उदाहरणाचा रोख कुळावर आणि पुण्याईवर आहे. कोणाचीही थोरवी निवडीला कारण होत नाही. पूर्वजन्मीच्या पापाने तू या जातीत आलास, असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले, त्याच्या कानी ‘तुझ्या कोणत्याही कर्माकडे न पाहता तुला निवडले’ हे शब्द पडणे म्हणजे जुनी खातेवहीच फाडली जाणे होय. सटवाईचा लेख आणि पौलाची निवड ही दोन्ही जन्मापूर्वीची किंवा जन्मवेळची असली, तरी एकीने मनुष्य त्याच्या जागी खिळतो आणि दुसरीने तो तेथून उठवला जातो. कॅल्व्हिनच्या सिद्धान्तात जे सर्वांत कठोर वाटते तेच मराठवाड्यातील त्या श्रोत्याला सर्वांत मोकळे करणारे ठरू शकले असते. उपदेशकांनी ‘स्वीकारा’, ‘पश्चात्ताप करा’, ‘निर्णय घ्या’ यांवर भर दिला आणि मनुष्याच्या इच्छेचा मान राखला. परंतु त्याबरोबर तारणाचा काही भार पुन्हा त्याच मनुष्याच्या खांद्यावर ठेवला, ज्याला भाराखेरीज काही ठाऊक नव्हते.

इच्छा म्हणजे नक्की कोणाची, हाही प्रश्न त्या काळी केवळ तात्त्विक नव्हता. नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहावयास गेला तेव्हा १८४३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. न्यायालयाच्या दृष्टीने मुद्दा मुलाच्या समजेचा होता. जातीच्या दृष्टीने मुद्दा त्याने ख्रिस्ती लोकांत केलेल्या अन्नोदकाचा होता. एका व्यवस्थेत इच्छेवाचून कृती अपूर्ण, दुसऱ्या व्यवस्थेत कृती झाली की इच्छा अप्रस्तुत.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न एकाच आयुष्यात दोन्ही टोकांना स्पर्श करतो. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर केवळ धर्मगुरूंच्या अधिकारावर मते स्वीकारण्यास त्यांनी जो नकार दिला, तो त्यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी दिसतो. स्वतःच्या विवेकबुद्धीवरचा हक्क त्यांनी कोणालाही दिला नाही. मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आलेल्या आध्यात्मिक अनुभवाचे वर्णन करताना त्याच रमाबाई तारण हे स्वतःच्या कसल्याही प्रयत्नाने न मिळणारे दान म्हणून सांगतात. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथे छापून पूर्ण झालेले बायबल संस्कृत दर्शनांच्या परिभाषेला शक्य तेथे टाळते, कारण त्या शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही घरात शिरतात अशी त्यांची धारणा होती. तिच्याशी सहमत होणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने कठीण आहे, कारण साधे शब्दही मोकळ्या हाताने येत नाहीत, हे ‘निवडणे’ आणि ‘तारण’ यांनी दाखवलेच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नेमका उलटा मार्ग पत्करला. त्यांनी अभंग स्वीकारला आणि त्याबरोबर देवाशी भांडण्याचा हक्कही स्वीकारला. त्यांच्या रचनेत कृपा आणि ओढ यांत आधी कोण, हे ठरवता येत नाही. काव्य म्हणून ते श्रेष्ठ आहे, पण सिद्धान्त म्हणून तो प्रश्नाला दिलेला बगलच आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या घरातच या प्रश्नाचे अधिक प्रामाणिक उत्तर मिळते. लक्ष्मीबाईंनी पतीचे मत म्हणून पतीचा धर्म उचलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला आणि मधली पाच वर्षे त्यांची स्वतःची होती.

पूर्वनियोजनाच्या समर्थनार्थ पौलाने शेवटी कुंभाराचे रूपक घेतले आहे. एकाच गोळ्यातून कुंभार एक भांडे मानाचे आणि एक हलक्या कामाचे घडवतो. मातीने त्याला जाब विचारू नये. हे रूपक त्याने जुन्या कराराच्या परंपरेतून घेतले, पण तेथील यिर्मयाच्या ग्रंथात त्याचा अर्थ इतका बंदिस्त नाही. तेथे चाकावर बिघडलेले भांडे कुंभार टाकून देत नाही, पुन्हा घडवतो. आणि लोक मागे फिरले तर ईश्वरही आपला बेत बदलतो. वारकरी परंपरेतील कुंभाराची कथा या दोहोंहून पुढे जाते. तेरढोकी येथे गोरोबांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. मडके रागावले. ते निमूट बसले नाही. जाब विचारावयास पंढरपुरास गेले. विठ्ठलाने गोरोबांचा निर्णय फिरवला नाही, पण मडके फोडूनही टाकले नाही. त्याने नामदेवांना विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि एका परंपरेनुसार ही भेट वसमतच्या परिसरातील औंढा नागनाथाच्या देवळात झाली. जाण्याची आज्ञा देवाची होती. पंढरपूर ते औंढा ही वाट मात्र त्या कच्च्या मडक्याने आपल्या पायांनी तुडवली, आणि देवळात शिरून पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या म्हाताऱ्याशी पहिल्याच वाक्यात वाद घातला.